सोडता येईल असं प्लगइन

माझी धाकटी बहीण बावीस वर्षं सर्व्हर सांभाळते आहे. माझा मुलगा चार वर्षांपासून प्रोग्रामर म्हणून नोकरी करतो. दोघांचा टेक्स्ट एडिटर एकाच घराण्यातला: तिचा विम, त्याचा निओविम. तिची सेटिंगची फाइल चाळीस ओळींची आहे आणि प्लगइन्स तीन. त्याच्याकडे प्लगइन्स आहेत ६३.

प्लगइन म्हणजे एडिटरला बाहेरून जोडलेला कोड. एडिटरला मुळात जे येत नाही ते प्लगइन त्याला शिकवतं. या घराण्यातली बहुतेक प्लगइन्स मुक्त स्रोत आहेत, म्हणजे त्यांचा कोड कोणीही वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. त्यामुळे एकाच कामाची पाच-पाच प्लगइन्स असतात, आणि त्यांतलं कोणतं घ्यायचं हा प्रश्न रोजचा होऊन बसतो.

दिवाळीच्या सुट्टीत दोघं पुण्याला आमच्या घरी होते. पाडव्याच्या सकाळी मुलाचा एडिटर उघडेना. तिथून सुरू झालेलं बोलणं जेवणाची पानं वाढेपर्यंत चाललं. मीही माझे लेख विममध्येच लिहिते, बहिणीनेच शिकवलंय. म्हणून मी शेजारी बसून ऐकत होते आणि टिपून घेत होते.

मावशी: नेमकं काय बिघडलं?

भाचा: रात्री सगळी प्लगइन्स अपडेट केली. त्यातल्या एकाने आपल्या फंक्शनचं नाव बदललं होतं, आणि दुसरं एक प्लगइन अजून जुन्याच नावाने हाक मारत होतं. उघडताक्षणी चुकांची रांग लागली.

मावशी: म्हणजे तुझं स्वतःचं काहीच चुकलं नाही, तरी सकाळ गेली. ६३ अनोळखी माणसांचं एकमेकांशी पटलं, तरच तुझा एडिटर चालणार. मला याचीच भीती वाटते.

भाचा: सकाळ नाही गेली गं, दहा मिनिटं गेली. माझा प्लगइन मॅनेजर लेझी आहे. तो एक लॉक फाइल ठेवतो. त्यात प्रत्येक प्लगइनचा नेमका कमिट, म्हणजे नेमकी आवृत्ती, लिहिलेला असतो. ती फाइल मी गिटमध्ये ठेवतो. मागच्या आठवड्याची काढली, एक आज्ञा दिली, सगळं पूर्ववत. बिघाड होतोच, मावशी. परत कसं यायचं ते ठाऊक असलं की झालं.

मावशी: लॉक फाइलचं मला पटतं. पण त्यासाठी मॅनेजर कशाला? २०१६ मध्ये विम ८ आलं, तेव्हापासून ही सोय एडिटरमध्येच आहे. 'पॅक' नावाचा एक फोल्डर असतो, त्यात प्लगइनचा फोल्डर गिटने आणून ठेवायचा. विम तो आपोआप उचलतो. माझी तिन्ही तशीच आहेत. त्याआधी आम्ही टिम पोपचं पॅथोजेन वापरायचो, तेही असंच काम करायचं. एडिटरने ते शिकून घेतलं आणि पॅथोजेनची गरज संपली.

भाचा: तीन प्लगइन्सना तो फोल्डर पुरतो. ६३ हाताने कशी आणणार? विम-प्लग आलं ते २०१३ मध्ये, जुनगुन चोईचं. एकच फाइल, पण सगळी प्लगइन्स एकाच वेळी, समांतर उतरवून घ्यायचं. लेझीत तर जे प्लगइन ज्या क्षणी लागेल त्या क्षणीच ते लोड होतं. पायथॉनची फाइल उघडली तर पायथॉनचं, गिटची आज्ञा दिली तर गिटचं. म्हणून ६३ असूनही उघडायला वेळ लागत नाही.

मावशी: आणि मधलं पॅकर? तू शिकत होतास तेव्हा सगळे तेच सांगायचे ना?

भाचा: २०२३ मध्ये त्याची देखभाल थांबली. मी एका संध्याकाळी लेझीवर आलो.

मावशी: हे मला महत्त्वाचं वाटतं. एका संध्याकाळी सोडता आलं. का आलं सांग?

भाचा: कारण मॅनेजर फक्त यादी सांभाळतो. यादी दुसऱ्या साच्यात लिहिली की झालं. माझ्या बोटांना काही नवं शिकावं लागलं नाही.

मावशी: मग लक्षात ठेव हे. आपण प्लगइन्स तोलतो ती किती देतात यावर. सोडायची वेळ आली तर किती महाग पडतील, तेही तोलायला हवं.

(इथे मी पहिल्यांदा वहीत रेघ ओढली. पुढचा सगळा वाद याच वाक्याभोवती फिरला.)

भाचा: ठीक आहे, याच मापाने बघू. फाइल शोधण्याचं घे. तू एफझेडएफ वापरतेस, मी टेलिस्कोप. दोन्हींत नावाचे तुटक तुकडे टाइप केले की हवी ती फाइल वर येते. पण टेलिस्कोप पूर्ण लुआ भाषेत लिहिलेलं आहे, एडिटरच्या आत राहतं. त्यामुळे इतर प्लगइन्स त्याला आपापल्या याद्या देतात. गिटच्या शाखा, कोडमधल्या चुका, एखादं फंक्शन कुठे कुठे वापरलंय, सगळं एकाच खिडकीत, एकाच सवयीने.

मावशी: एफझेडएफ हा मुळात एडिटरचा भागच नाही. तो गो भाषेत लिहिलेला स्वतंत्र प्रोग्राम आहे, त्याच चोईचा. त्याला ओळी द्यायच्या, तो त्या गाळतो आणि निवडलेली ओळ परत देतो. विममधलं त्याचं प्लगइन म्हणजे पातळ सांधा. तोच प्रोग्राम मी टर्मिनलमध्ये जुन्या आज्ञा शोधायला वापरते, चालू प्रोसेस निवडायला वापरते. उद्या विम सोडला तरी एफझेडएफ माझ्याबरोबर येईल. तुझं टेलिस्कोप निओविमच्या दारातच थांबेल.

भाचा: हे खरं. पण तुला तुझ्या सर्व्हरवर दहा ठिकाणी काम करायचं असतं. मी दिवसाचे आठ तास एकाच एडिटरमध्ये असतो. माझ्यासाठी आतली एकजूट मोलाची आहे. सोडण्याची किंमत मोजायचीच, पण जोवर राहतोय तोवरचं सुखही मोजायला हवं ना?

मावशी: हवं. ते मी मोजलं नव्हतं. पुढे बोल.

भाचा: आता जिथे तुझी चाळीस ओळींची फाइल कमी पडते तिथे येतो. एखाद्या व्हेरिएबलचं नाव शंभर फायलींत बदलायचं असेल तर तू काय करतेस?

मावशी: शब्द शोधून बदलणारी सेड ही आज्ञा. आणि मागच्या वर्षी त्याने दगा दिला तेही सांगते. 'टोटल' नावाचं व्हेरिएबल दोन वेगळ्या फंक्शन्समध्ये होतं. मला एकातलं बदलायचं होतं, दोन्हींतलं बदललं गेलं. शब्द तोच, अर्थ वेगळा. सेडला शब्द दिसतो, अर्थ दिसत नाही. तपासणीत सापडलं म्हणून निभावलं.

भाचा: लँग्वेज सर्व्हरला अर्थ दिसतो. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये त्याच्याशी बोलण्याचा प्रोटोकॉल खुला केला, त्याआधी प्रत्येक एडिटरसाठी प्रत्येक भाषेचं वेगळं प्लगइन लिहावं लागायचं. दहा एडिटर, वीस भाषा, तर दोनशे जोड्या. आता भाषेसाठी एक सर्व्हर लिहायचा आणि एडिटरने त्याच्याशी ठरलेल्या पद्धतीने बोलायचं. दोनशे कामं तीसवर आली. 'हे टोटल कुठलं' असं विचारलं तर तो नेमकं तेच दाखवतो.

मावशी: मग त्यासाठी कोक हे प्लगइन की निओविमची आतली सोय? तू दोन्ही वापरलीस.

भाचा: कोक आधी वापरलं. बसवलं की सगळं हाताशी, साध्या विममध्येही चालतं. पण ते नोडजेएसवर उभं आहे आणि व्हीएस कोडसारखी त्याची स्वतःची एक्स्टेन्शन्स आहेत. म्हणजे एडिटरच्या आत दुसरं घर. मग २०२१ च्या जुलैमध्ये निओविम ०.५ आलं. त्यात लँग्वेज सर्व्हरशी बोलणं एडिटरमध्येच आलं. सर्व्हर आपला आपण बसवायचा, सेटिंग आपण लिहायची. पहिले दोन दिवस मी कंटाळलो होतो. पण आता प्रत्येक धागा कुठून कुठे जातो ते मला माहीत आहे. शिवाय मार्च २०२५ च्या ०.११ पासून सर्व्हर जोडायचा म्हणजे चार ओळींचं काम. त्यासाठीचं मदतनीस प्लगइनही काढून टाकता येईल.

मावशी: हे मी घेते. खरंच घेते. आणि बघ, तूच परत त्याच जागी आलास: काढून टाकता येईल म्हणालास.

भाचा: (थांबून) आलो खरा. पण म्हणजे तुझं म्हणणं असं, की एडिटरमध्ये नंतर येणारच असेल तर प्लगइन घेऊच नये?

मावशी: उलट. प्लगइन्स नसती तर एडिटरला कळलंच नसतं काय हवंय ते. ओळीला कॉमेंट करायचं टिम पोपचं छोटं प्लगइन होतं. 'जीसीसी' दाबलं की ओळ कॉमेंट. लोकांच्या बोटांत ते बसलं, आणि मे २०२४ च्या निओविम ०.१० मध्ये तेच 'जीसी' एडिटरचं झालं. त्या दिवशी तू काय केलंस?

भाचा: प्लगइनची एक ओळ पुसली. बाकी काहीच नाही. बोटांना कळलंही नाही.

मावशी: का कळलं नाही? कारण ते विमच्या व्याकरणात लिहिलेलं होतं. विममध्ये आधी क्रिया, मग कशावर ते. 'डी' म्हणजे खोडणं, 'डब्ल्यू' म्हणजे शब्द. 'डीडब्ल्यू' म्हणजे शब्द खोड. 'जीसी' ही त्या भाषेतली नवी क्रिया झाली. सराउंड हे प्लगइनही तसंच. अवतरणचिन्हं बदलायची तर 'सीएस', मग जुनं चिन्ह, मग नवं. तुझं ते मिनी-सराउंड काय करतं?

भाचा: ते 'एस' या कळीपासून सुरू होतं. 'एसए' जोडायला, 'एसडी' काढायला. शिकायला सोपं वाटतं, पण 'एस'ची मूळ आज्ञा झाकली जाते. तुझ्या मशीनवर बसलो की माझी बोटं चुकतात.

मावशी: बरोबर. मग फायलींच्या झाडाचं बोल. नर्डट्री की ऑइल?

भाचा: नर्डट्री म्हणजे डावीकडे फोल्डरांचं झाड. बघायला छान, नवख्याला लगेच कळतं. पण त्याच्या आज्ञा वेगळ्या. नाव बदलायला एक मेन्यू, त्यातली एक कळ. ऑइल वेगळं आहे. फोल्डर उघडला की फायलींची नावं साध्या मजकुरासारखी दिसतात. नाव खोडून नवं लिहायचं, ओळ कापून दुसऱ्या फोल्डरात चिकटवायची, आणि सेव्ह केलं की डिस्कवर खरोखर तसं होतं. आधी विचारतं, मग करतं.

मावशी: दाखव बघू.

(त्याने दाखवलं. शंभर फोटोंच्या नावांतली तारीख त्याने एकाच आज्ञेत मागची पुढे केली. बहीण कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिली.)

मावशी: हे सुरेख आहे. नवी कळ शिकायला नको, मला जे येतं तेच फायलींना लागू झालं. बावीस वर्षांत हे मला सुचायला हवं होतं.

भाचा: म्हणजे नव्या प्लगइन्समध्येही तुझ्या मापात बसणारी आहेत.

मावशी: आहेत. मी जुन्या-नव्याचा हिशोब करत होते, तो चुकीचा होता. पण एक गोष्ट अजून सांगायची राहिली आणि तिच्यावर मी हटणार नाही. या ६३ पैकी प्रत्येकाला तुझ्या मशीनवर काय काय करता येतं?

भाचा: मला जे येतं ते सगळं. प्लगइनभोवती कुंपण नसतं. ते माझ्या फायली वाचू शकतं, चाव्या वाचू शकतं, बाहेर पाठवूही शकतं.

मावशी: नुसतं प्लगइनच नाही. २०१९ च्या जूनमध्ये विममध्येच एक चूक सापडली होती. फाइलच्या सुरुवातीला किंवा शेवटी लिहिलेल्या सेटिंगच्या ओळीतून, म्हणजे मोडलाइनमधून, घातक आज्ञा चालवता यायच्या. फाइल उघडली की घात. त्या दिवशी मी सगळ्या सर्व्हरवर मोडलाइन बंद करत फिरले. आणि २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या फायली आकसवणाऱ्या मुक्त स्रोत साधनाचं काय झालं ते तुला माहीतच आहे.

भाचा: माहीत आहे. एकटा मेंटेनर, थकलेला. एका माणसाने दोन-अडीच वर्षं मदत करत करत त्याचा विश्वास मिळवला आणि मग मागचं दार बसवलं. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद उशीर का होतोय असा प्रश्न पडला, म्हणून ते उघड झालं.

मावशी: तो अर्धा सेकंद त्याला खटकला, कारण त्याला आपली यंत्रणा ओळखीची होती. तुला तुझी ६३ ओळखीची आहेत का?

भाचा: (जरा वेळाने) नाहीत. पंधरा-वीस असतील. बाकीची कोणाच्या तरी सेटिंगमधून उचललेली आहेत. हे मला आवडलेलं नाही, पण खरं आहे. मात्र मावशी, तू तीनच ठेवून या प्रश्नातून सुटतेस. तुझी तीन ज्यांनी लिहिली, त्यांच्यासाठी तू काय केलंस? मी निदान दोन प्लगइन्सचे बग शोधून दुरुस्त्या पाठवल्यात, त्या घेतल्याही गेल्या. वापरणारे भरपूर आणि हात लावणारा एकटा, यातूनच एक्सझेड घडलं. कमी घेणं म्हणजे सांभाळणं नव्हे.

मावशी: (मान हलवून) हे लागलं. आणि तू बरोबर आहेस. मला ब्राम मोलेनार आठवतो. १९९१ मध्ये त्याने विम पहिल्यांदा लोकांसमोर ठेवला आणि ३ ऑगस्ट २०२३ ला तो गेला, तोवर तोच सांभाळत होता. युगांडातल्या किबालेच्या मुलांसाठी मदत करा, असं तो सांगायचा. विम नुसता उघडला तरी अनेकदा त्या मुलांचा उल्लेख समोर येतो. मी बावीस वर्षं तो वाचत आले आणि एक रुपया पाठवला नाही. तो या सुट्टीत पाठवते.

इथे दोघंही गप्प झाले. मला वाटलं, माझा प्रश्न विचारायची हीच वेळ.

मी म्हटलं, "तुम्ही दोघं कोडचं बोलताय. मी मराठी लिहिते. इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू ठेवून लिहिताना एस्केप दाबलं की विमला माझं काही कळत नाही. खाली जायचं म्हणून 'जे' दाबते, तर विमला मिळतो 'र'. चुकलेलं मागे घ्यायला 'यू' दाबते, तर जातो 'ह'. दर वाक्याला कीबोर्ड बदलून माझी बोटं दमतात. यासाठी कोणतं प्लगइन घेऊ?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बिल जॉयने १९७६ च्या सुमारास बर्कलीत विमचा पूर्वज व्हीआय लिहिला, तेव्हा त्याच्या टर्मिनलवर बाण छापलेले होते 'एच, जे, के, एल' या चार कळांवर. त्याच कळांवर इनस्क्रिप्टमध्ये 'प, र, क, त' आहेत. माझी अडचण जन्मली ती या दोन मांडण्यांच्या भेटीतून.

भाचा: एक्सकेबीस्विच नावाचं प्लगइन आहे. लिहिण्याच्या मोडमधून बाहेर पडलं की ते कीबोर्ड आपोआप इंग्रजी करतं. पण त्याला बाहेरची एक लायब्ररी लागते, आणि आई मशीन बदलते तेव्हा ती परत बसवावी लागेल. इमॅक्स या दुसऱ्या एडिटरमध्ये मात्र इनस्क्रिप्ट आधीपासून आहे, आणि २०२० मध्ये आलेल्या २७ व्या आवृत्तीपासून अक्षरं जुळवणाऱ्या हार्फबझमुळे जोडाक्षरंही नीट दिसतात. ते खरं तर आईसाठी बरं.

मावशी: इमॅक्सचं मान्य. टर्मिनलचा पडदा चौकटींचा असतो, आपली जोडाक्षरं त्यात अडखळतात, आणि ते कोणतंही प्लगइन दुरुस्त करू शकत नाही. पण ताईची बोटं विमला सरावलीत, आणि टंकनाचा प्रश्न विममध्ये सुटतो. विममध्ये 'कीमॅप' नावाची सोय आहे. मशीनचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवायचा. एका फाइलमध्ये लिहायचं: डावीकडे कळ, उजवीकडे अक्षर. लिहिण्याच्या मोडमध्ये 'के' दाबलं की 'क' उमटतो. बाहेर आलं की 'के' म्हणजे पुन्हा वर जाणं. कंट्रोलबरोबर '^' दाबलं की मराठी-इंग्रजी बदल.

भाचा: आणि 'एफ' दाबून एखादं अक्षर शोधायचं असेल तर?

मावशी: तिथेही कीमॅप लागू होतो. 'एफ'नंतर 'के' दाबलं तर ओळीतला पुढचा 'क' सापडतो. ज्याने हे बांधलं त्याने इतर लिप्यांचा विचार केला होता.

भाचा: म्हणजे प्लगइन शोधायचंच नाही. लिहायचं.

तासाभरात फाइल तयार झाली. मावशी अक्षरं सांगत होती, भाचा टाइप करत होता, मी इनस्क्रिप्टच्या तक्त्यावर बोट ठेवून चुका काढत होते. 'डी'वर हलंत, शिफ्ट-'डी'वर 'अ', 'एफ'वर ऱ्हस्व वेलांटी. तोवर दारातल्या पहाटेच्या पणत्या विझत आल्या होत्या.

त्या फाइलला कोणताही मॅनेजर लागत नाही. ती मी वरपासून खालपर्यंत वाचू शकते, म्हणून तिच्यावर माझा विश्वास आहे. एखादं अक्षर चुकलं तर मीच दुरुस्त करू शकते. उद्या विम सोडला तर एक फाइल पुसायची, की संपलं. इनस्क्रिप्ट तर माझ्या बोटांतच आहे. दोघांनी सकाळभर वाद घालून जी मापं शोधली, ती सगळी या छोट्या फाइलला लागू पडत होती.

रात्री मुलाने यादी उघडली. एकेका प्लगइनपाशी थांबून त्याने स्वतःला दोनच प्रश्न विचारले: हे काय करतं ते मी सांगू शकतो का, आणि हे गेलं तर माझं काय अडेल. झोपण्याआधी यादी ३८ वर आली होती. बहिणीने ऑइल वापरायचं म्हणून तिच्या मशीनवर निओविम बसवला, लँग्वेज सर्व्हर जोडला, आणि तिच्या चाळीस ओळींच्या बावन्न झाल्या.

हा लेख मी त्याच कीमॅपने लिहिला आहे. तो कीमॅप आम्ही खुला ठेवणार आहोत. कोणाला दुसरी मांडणी हवी असेल, एखादं अक्षर दुसऱ्या कळीवर हवं असेल, तर फाइल उघडावी आणि बदलावी.